दाबू का?

आमच्या परतूरच्या कार्यालयातील रंगनाथअण्णा कोणतेही बटण विचारल्याशिवाय दाबत नसत. दिवा असो वा पंखा, खटक्यावर बोट टेकवून ते मान वळवीत आणि खणखणीत आवाजात विचारीत, “दाबू का?” कोणी “दाबा” म्हणेपर्यंत पंखा बंदच. भर वैशाखात आम्ही मुद्दाम गप्प राहत असू. घाम आमचाही निथळे. पण गंमत सुटत नसे.

पुढे कार्यालयात संगणक आला. त्याच्या खोलीत चपला काढून जाण्याचा दंडक होता. अण्णा पाय धुऊन येत. संगणकाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय बढती नाही, असा आदेश निघाला. अण्णांच्या निवृत्तीला तीनच वर्षे उरली होती. शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. वयाने वीस वर्षांनी मोठे असूनही ते मला ‘गुरुजी’ म्हणत.

“गुरुजी, ह्याच्यात करंट किती अस्तो?”

“म्हैससुद्धा मरणार नाही, अण्णा.”

“म्हशीचं सोडा, माणसाचं बोला.”

मग प्रत्येक अक्षराला “दाबू का?” स्वतःचे नाव उमटवायला त्यांना एक दुपार लागली. त्यांच्या वहीत पहिली पायरी होती : ‘गुरुजींना इचारणे.’

एके दिवशी माझा संयम सुटला. त्यांनी कळ दाबताच मी हात झटकून किंचाळलो, “मेलो, मेलो!” सगळे कार्यालय हसू लागले. अण्णा धावले, ते थेट मेन स्विचकडे. अंधार झाला. परत येऊन त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि एकेक बोट चाचपून पाहिले.

“जित्ते हाव ना, गुरुजी?”

हसू थांबले. खाली बसून ते हळूच म्हणाले, “वाटूरच्या हिरीत माजा धाकला भाऊ उतरल्ता, मोटारीचं बघाया. वरून इचारायचं, ‘दाबू का?’ खालून तो म्हनायचा, ‘दाब, वर आलो.’ रोजचंच हो. त्या दिवशी म्या इचारलं न्हाई.”

आज मी पन्नाशी ओलांडली आहे. त्या किंकाळीची लाज अजून ओसरलेली नाही.

त्यानंतर मी त्यांच्या प्रत्येक “दाबू का?”ला उत्तर देत गेलो. महिन्याभरात त्यांची बोटे सरावली. प्रश्न मात्र राहिला.

परीक्षा जालन्याला होती. मी सोबत गेलो आणि खिडकीबाहेर उभा राहिलो. शेवटची कळ उरली आणि अण्णांचे बोट थांबले. घड्याळ पुढे सरकत होते. पर्यवेक्षक त्यांच्याकडे रोखून पाहत होते. अण्णांनी मान वळवून मला शोधले. नुसते ओठ हलले : ‘दाबू का?’

मी गजांना तोंड लावून म्हणालो, “दाबा, अण्णा. तो वर आलाय.”

ते खरे नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. त्यांनी डोळे मिटले आणि कळ दाबली.