चिंतामणचा उजेडाचा प्रयोग

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या काळातली ही गोष्ट. अमरावतीच्या वकिलांचा मुलगा चिंतामण अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कपाशीची सरकी काढायच्या कारखान्यात, मॅनेजर म्हणून लागला आणि पहिल्याच दिवशी मालकांना म्हणाला, "शेषराव, या हंगामात काम सवाई करून दाखवतो."

चिंतामणला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. खुर्चीत बसला तरी त्याचे पाय चालत. एका इंग्रजी मासिकात त्याने वाचलं होतं, अमेरिकेतल्या एका कारखान्यात साहेबांनी उजेड वाढवला आणि मजुरांचं काम वाढलं. झालं. ज्या छपरीत बाया कपाशीतला कचरा वेचत, तिचे पत्रे काढून त्याने काचा बसवल्या आणि घड्याळ घेऊन स्वतः दारात उभा राहिला.

काम वाढलं. शेषराव खूश झाले. "तुमचं शास्त्र कामाचं हाय, मॅनेजर."

पण चिंतामणला चैन पडेना. उजेडानेच वाढलं कशावरून? म्हणून त्याने काचांवर पोती टाकली आणि पुन्हा दारात उभा. छपरीत म्हैस शिरली तरी दिसली नसती, असा अंधार. काम आणखी वाढलं! अर्धी पोती काढली, वाढलं. सगळी परत टाकली, तरी वाढलं. पोती चढवणारा गडी वैतागला आणि चिंतामणला जेवण जाईना. अमेरिकेतले साहेबही याच कोड्यात पडले होते, पुढे त्यातूनच मोठा सिद्धांत निघायचा होता. पण अकोल्यात हे त्याला सांगणार कोण?

शेवटी त्याने बायांच्या मुकादमिणीला, माणिकबाईला, गाठलं.

"खरं सांगा, अंधारात काम वाढतं कसं?"

"वाढन नाही त काय? तुमी घड्याय घेऊन रोज आमच्याकडं पाहून राह्यले. आमाले वाटलं, कोणाले काढाचं ते हेरून राह्यले. दिसो का न दिसो, हात त चालवाच लागते, सायेब." तिने बोटं पुढे केली. ती सुजली होती.

चिंतामण खजील झाला. सगळ्या बायांना गोळा करून त्याने सांगितलं, "कोणालाही काढायचं नाही. निवांत काम करा."

बाया निवांत झाल्या आणि काम होतं तिथे येऊन बसलं.

"तुमच्या उभं राह्यल्यानं काम वाढत होतं ना?" शेषराव शांतपणे म्हणाले. "मंग उभे राहा. नाही त अमरावतीची गाडी पकडा."

चिंतामण उभा राहिला. पण आता त्याला कोण भितं? दुसऱ्या दिवशी माणिकबाईने आपल्या नातवाच्या झोळीची दोरी त्याच्या हातात दिली. "उभेच हाये, त एवढा झोका देजा." दुपारपर्यंत आणखी दोघींनी आपापल्या दोऱ्या आणून दिल्या. लेकरं निजली, बायांचे हात मोकळे झाले आणि काम खरोखर सवाई झालं.

त्याच सुमारास लेकाची कीर्ती ऐकून त्याचे वडील नारायणराव अकोल्याला आले. काळा कोट सावरत ते छपरीच्या दारात थबकले.

"चिंतामण, हेच का रे तुझं अमेरिकेचं शास्त्र?"

"नाना, जरा हळू बोला," चिंतामण कुजबुजला. "मधलं आत्ताच झोपलंय."