स्कूटरची बदनामी

अण्णासो कांबळेंनी ठरवलं होतं ते एवढंच, की विम्याच्या सर्व्हेअरपुढं थोडं वाढवून सांगायचं. थोडंच. (पाटबंधारे खात्यात तेवीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला थोडं म्हणजे किती, हे कळायला हवं होतं.)

झालं असं, की उसाची ट्रॉली मागं घेताना ड्रायव्हरनं गल्लीत उभ्या असलेल्या त्यांच्या स्कूटरला धडक दिली. हेडलाइट फुटला, हँडल वाकलं, मडगार्ड चेपलं. स्कूटर चौऱ्याऐंशी सालची, म्हणजे चांगली पंधरा वर्षांची. लग्नानंतर अंजनाबाईंना तिच्यावरूनच पन्हाळा दाखवला, तान्ह्या संघप्रियाला दवाखान्यातून तिच्यावरूनच घरी आणलं. अण्णासोंचा तिच्यावर जीव होता. विम्यातून दुरुस्ती निघावी आणि ती पुन्हा दारात उभी राहावी, एवढंच त्यांना हवं होतं.

पण शेजारचे गणपतराव म्हणाले, "अण्णा, मागशील त्येच्या निम्मंच देत्यात ही लोकं. तू डबल सांग की!"

सर्व्हेअर देसाई सभ्य माणूस. स्कूटरभोवती फिरून म्हणाले, "हेडलाइट, हँडल, मडगार्ड. एवढंच ना?"

"एवढंच कसं सायेब? इंजिन हाललंय. चेसी वाकलीया. ब्रेकचं तर नावच काढू नका."

"चालू तरी होते का?"

"छ्या! मढं हाय मढं!" (हे बोलताना त्यांनी स्कूटरकडं पाठ फिरवली होती. तेवढी लाज शिल्लक होती.)

तेवढ्यात अंजनाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. साडीला ग्रीस लागतं, पावसात बंद पडते, म्हणून पंधरा वर्षं त्यांनी या स्कूटरचा उद्धार केला होता. पण परक्या माणसापुढं घरच्या गाडीला मढं म्हटलेलं त्यांना सोसलं नाही.

"काय बोलताय ओ? ट्रॉलीनं ठोकल्यावर बी गेल्या ऐतवारी मलकापूरला डबलसीट गेलतो की आपण! कुटं तरी कुरकुरली काय?"

सर्व्हेअरचं पेन थांबलं.

"ढकलत नेलती सायेब," अण्णासो म्हणाले.

"मलकापूरपर्यंत?"

"उतार हाय की."

"आणि येताना?"

अण्णासोंनी चहा प्यायला घेतला.

देसाईंनी वही मिटली. "हे बघा, नुसता हेडलाइट, हँडल, मडगार्ड असेल तर दुरुस्ती मिळेल. चेसी आणि इंजिन गेलं असं तुम्ही लेखी दिलंत, तर खर्च गाडीच्या किमतीवर जातो. मग कंपनी किंमत देते आणि गाडी घेऊन जाते. मालकच भंगार म्हणतो तर मी कशाला भांडू? विचार करून सांगा."

आता खरं बोलायचं तर खोटं बोललो हे कबूल करायला हवं, तेही गणपतराव, निम्मी गल्ली आणि बायको यांच्यादेखत. अण्णासोंनी एकदा स्कूटरकडं बघितलं, एकदा गल्लीकडं बघितलं आणि म्हणाले, "माणसाचा शब्द हाय सायेब. कुटं सही करायची?"

चार दिवसांनी टेम्पो आला. अंजनाबाईंनी पदरानं सीट पुसली आणि पुढं आठ दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. चेक आला, बँकेत गेला. पण अण्णासोंच्या मनातली बोच काही गेली नाही. जिनं पंधरा वर्षं आपलं सगळं घर वाहिलं, तिला आपण चारचौघांत मढं म्हटलं! तिला तोंड असतं तर तिनं काय सुनावलं असतं, याचा विचार करत ते रोज बसच्या रांगेत उभे राहायचे.

दोन महिन्यांनी असेच उभे असताना कागल एमआयडीसीतल्या एका कामगारानं स्कूटर थांबवली. "बस यायची न्हाय आता. बसा पावणं."

अण्णासो बसले आणि बसताक्षणीच त्यांनी तिला ओळखलं. रंग नवा होता, हेडलाइट नवा होता. पण नंबर वाचायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत तिच्या मागच्या सीटवर मात्र ते पहिल्यांदाच बसले होते.

"झकास पळतीया," ते कसेबसे म्हणाले.

"मग! भंगारवाल्याकडनं घेतली. हेडलाइट, हँडल आन् मडगार्ड, बास. पयल्या मालकानं मढं हाय म्हणून लिवून दिलतं म्हणं! कसला येडा माणूस आसंल ओ?"

अण्णासो रस्त्याकडच्या उसाकडं बघायला लागले.

"गावातलाच हाय म्हणत्यात. तुमी वळखता काय त्येला?"

"तोंडओळख हाय," अण्णासो म्हणाले.