कवटीसाठी सिमेंट की जाळी

माझी बायको सुचित्रा हिच्या कवटीचा तुकडा बाद झाल्याचं आम्हाला नगरच्या दवाखान्यात एका सकाळी कळलं. जीपच्या अपघातानंतर मेंदूची सूज उतरेपर्यंत तो काढून तिथल्या फ्रीझरमध्ये ठेवला होता. बसवायच्या दिवशी व्यवस्थापकांनी खुलासा केला, "फ्रीझर अखंड चालू होता. फक्त वीज नव्हती."

डॉक्टर म्हणाले, "टायटॅनियमची जाळी आहे, हाडाचं सिमेंट आहे, नाहीतर तिच्याच बरगडीचं हाड बसवू. तिन्ही चालतात. घरात ठरवून लवकर या. तोवर डोक्याला धक्का नको. तिथं मेंदूवर नुसती कातडी आहे."

आमच्यात घरात ठरवायचं म्हणजे भावकीची बैठक. ती पाथर्डीला आमच्या ओसरीवर भरली.

थोरले बंधू रंगनाथआप्पा स्लॅबची कामं घेतात. ते म्हणाले, "सिमेंटच. जाळी गंजती."

चुलतभाऊ भिमाजी खिडक्यांच्या जाळ्या करतो. "आन् सिमेंटला रोज पानी कोन मारनार, आप्पा? जाळीनं डोस्क्याला हवा तरी लागंल."

"जाळी नगं बाई," माझी बहीण पंकजा म्हणाली. "शिर्डीला दारातलं मशीन वाजंल. चारचौघांत वहिनीला बाजूला काढतील."

"मग बरगडी?" मी विचारलं.

"बरगडी काढल्यावर कळशी कशावर टेकवायची तिनं?" आप्पा म्हणाले.

सुचित्रा डोक्याला मऊ टोपी बांधून चहा गाळत होती. "बिनसाखरेचा कुनाला?" तिनं आतून विचारलं. कुणालाच नको होता. बैठकीत एकमत झालं ते एवढंच.

मग नमुने तपासायचं ठरलं. आप्पांनी सिमेंटची वाटी पाडली, भिमाजीनं जाळीची वाटी वाकवली. दोन्हींवर हातोडा मारून पाहिला. दोन्ही घट्ट निघाल्या, त्यामुळे निर्णय पुढे ढकलावा लागला. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा विषय विचाराधीन असल्याचं मी कळवलं.

त्याच आठवड्यात मोरीत सुचित्राचा पाय घसरला. नगरला पोचेपर्यंत ती गेली.

दहाव्याला झाडून सगळे आले.

"म्हनलं हुतं का न्हाई, सिमेंट?" आप्पा म्हणाले.

"जाळी असती तर धक्का झेलला असता, आप्पा."

पंकजानं डोळे पुसले. "दादा, तुझं काय मत हुतं रे?"

मला तिन्ही पटत होती. वाचता वाचता तुम्हीही त्यातलं एक पसंत केलंच असेल.

सुचित्राला विचारायचं राहिलं.