उसना कचरा

स्वच्छ गाव स्पर्धेची समिती उद्या येणार आणि गावात कचराच नाही, हे पिंपळदऱ्याच्या सरपंच दीपमाला यांच्या लक्षात आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

ओला आणि सुका कचरा वेगळा करण्यासाठी शेड बांधून तयार होती. हिरवा डबा होता, निळा डबा होता. त्यात टाकायला मात्र काही नव्हतं. भाजीची देठं म्हशीच्या पोटात जात, उसाचं पाचट सरीत, जुनी लुगडी वाकळेत आणि फुटकी बादली कोंबडीखाली. पिंपळदऱ्यात कुठलीच वस्तू निवृत्त होत नसे, फक्त तिची दुसऱ्या खात्यात बदली होई.

"यंदा तालुक्यात पहिला नंबर आणीन," असं दीपमालाने ग्रामसभेत माइकवरून सांगून ठेवलं होतं. 'बाईमाणसाला काय जमतंय' म्हणत तंबाखू मळणाऱ्यांनी तो शब्द नीट लक्षात ठेवला होता. शिवाय कचरा नाही म्हणजे आपलं गाव मागासच, असं तिला मनातून वाटायचं. मोठ्या गावांत कसे ढीग असतात!

"आवं, कायतरी करा की," ती नवऱ्याला म्हणाली.

कृष्णात फौजेतून हवालदार होऊन परतलेला. "सप्लाय बाहेरनं मागवू," म्हणत त्याने गाडीला किक मारली.

कडेगावात बादशहाभाईंचं मंगल कार्यालय होतं. तिथे नुकतंच एक लग्न उरकलं होतं.

"उसना कचरा?" बादशहाभाई बघतच राहिले. "कृष्णातराव, लोक खुर्च्या नेत्यात, भांडी नेत्यात. कचरा न्यायला आलेलं पयलं गिऱ्हाईक तुमी! परत कवा देणार?"

"उद्याच देतो की. जसाच्या तसा."

संध्याकाळी टेम्पो आला आणि शेडमध्ये ढीग लागला. केळीची पानं, पाण्याच्या बाटल्या, झेंडूच्या माळा, तेलाचे डबे, खोकी. दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं, थोडं आनंदाचं, थोडं वासाचं. तिने नवऱ्याला पहाऱ्यावर बसवलं आणि निश्चिंत मनाने झोपली.

सकाळी येऊन बघते तर शेड झाडून काढल्यासारखी लख्ख!

"कचरा कुठं गेला?"

कृष्णात तेलाच्या डब्यावर बसला होता, तो उठून सावधान उभा राहिला. "लोक आले, मागून घेऊन गेले. चोरी न्हाई झाली. एकेकानं विचारून नेलंय."

"आन् तुमी दिलं?"

"चांगल्या वस्तू होत्या गं. आता हा डबाच बघ की. कोण टाकतं का असला डबा?"

दीपमाला घरोघरी धावली. केळीची पानं शेळ्यांनी संपवली होती. बाटल्या मधून कापून त्यांत मिरचीची रोपं लागली होती. खोक्यांत कोंबड्या अंडी उबवत बसल्या होत्या. आणि घरी सासूबाई, साळूबाई, झेंडूच्या माळा सोडवून बियांसाठी वाळत घालत होत्या.

"आवं आत्या, तुमी पण?"

"मग? लोकांनी टाकलं म्हनून आपन बी टाकायचं व्हय?"

तेवढ्यात समितीची जीप आली.

साहेबांनी सगळं गाव पाहिलं आणि मान डोलावली. मग हिरवा डबा उघडला, निळा उघडला. "कचरा कुठाय?"

"न्हाई साहेब."

"नाही कसा? मग मी वर्गीकरण कशाचं बघू?" साहेबांनी आवाज खाली आणला. "हे बघा, बाकी सगळं चोख आहे. कुठूनतरी दोन टोपल्या कचरा आणा, फोटो काढू. पहिला नंबर तुमचाच."

दीपमालाने बाहेर जमलेल्या गावाकडे पाहिलं. टेम्पोभर घाण या माणसांनी एका रात्रीत कामाला लावली होती. कालपर्यंत तिला ज्याची लाज वाटत होती, त्याच गोष्टीचा आता असा अभिमान वाटला की पदर आपोआप खोचला गेला.

"आनला हुता साहेब, कडेगावातनं, उसना. गावानं सगळा वापरला. पुन्यांदा आनला तर त्योबी ऱ्हायचा न्हाई. आमच्या गावात कचरा टिकत न्हाई, तसंच लिवा."

साहेब हसले, पण नियम हसला नाही. वर्गीकरणाला शून्य मिळालं आणि पिंपळदरा दुसरा आला. पहिला नंबर शेजारच्या गावाला गेला, कारण त्यांचा ढीग फार व्यवस्थित होता. तंबाखूवाल्यांनी मात्र या वेळी चकार शब्द काढला नाही. त्यांच्याही परसात कापलेल्या बाटल्या होत्या. बादशहाभाई तर आता दर लग्नानंतर टेम्पो परस्पर पिंपळदऱ्यालाच धाडतात.

गावाने वर्गणी काढून फाट्यावर भलामोठा फ्लेक्स लावला. हात जोडून उभी असलेली दीपमाला आणि खाली 'हार्दिक अभिनंदन'. ती येता-जाता त्याच्याकडे न बघितल्यासारखं करून बघायची. एका सकाळी फ्लेक्स गायब! विरोधकांचंच काम, म्हणून कृष्णात काठी घेऊन निघाला आणि घरामागच्या गोठ्यापाशीच थबकला.

गोठ्याच्या छपरावर सरपंच हात जोडून पसरल्या होत्या.

"आवं आत्या! माझ्या सत्काराचा फ्लेक्स!"

"फाट्यावर नुस्ताच हुबा हुता," साळूबाई म्हणाल्या. "हितं म्हशीच्या डोक्यावर सावली तरी झाली. तुजं त्वांड वरच्या बाजूला ठेवलंय बघ."

दीपमाला रस्त्यावर जाऊन उभी राहिली. औंधच्या एसटीतून माना बाहेर काढून लोक बघत होते. तिने छपराचे चारही कोपरे निरखले.

"डावा कोपरा ढिला हाय," ती म्हणाली, "वाऱ्यानं उडंल." आणि एक चांगला जड दगड उचलून तिने नवऱ्याच्या हातात दिला.