अण्णांच्या इंजिनाला दम नाही

समस्त उचगावकरांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येते की, आमचे शेजारी दिनकरअण्णा यांच्या गाडीत बसवलेल्या दुसऱ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी भरलं आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. सर्वांच्या वतीनं अण्णा घाबरलेले आहेत.

घाबरणं हा अण्णांचा मुख्य उद्योग. दूध संस्थेत फॅट तपासायची नोकरी त्यांनी केली ती जोडधंदा म्हणून. फिरत्या पंख्याखाली ते बसत नाहीत. भिंतीकडेला बसतात. वारा लागत नाही, पण पंखा पडलाच तर डोळ्यांदेखत पडेल. गॅसचा वास आला नाही की त्यांना जास्त भीती, कारण मग नाकच गेलं असणार. कुठलीही आनंदाची बातमी सांगा, अण्णा हळूच विचारतात, "आत्ता बरं हाय. फुडं?" आमच्या गल्लीत पेढे वाटणारा माणूस त्यांचं घर शेवटी घेतो.

गाडी ते चालवतात, म्हणजे रस्ता मागं जायची वाट बघतात. उसाची ट्रॉली त्यांना मागं टाकते, आणि ट्रॉलीवाला वळून विचारतो, "पावणं, पंक्चर हाय काय?"

तर अशा माणसाच्या गाडीचं जुनं इंजिन जाम झालं, आणि तेही नेमकं रत्नागिरीला दिलेली लेक, राणी, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायच्या बेतात असताना. जावई म्हणाला, मी आणून सोडतो. अण्णा म्हणाले, "त्यो लई जोरात चालिवतो. लेक मी आणणार." रत्नागिरीहून यायचं म्हणजे आंबा घाट चढायचा. मग बाळू मिस्त्रीनं एका ठोकलेल्या गाडीचं इंजिन पैदा केलं आणि अण्णांच्या गाडीत बसवलं.

"पयल्या मालकाचं काय झालं?" अण्णांचा पहिला प्रश्न.

"मागनं ठोकलेली गाडी हुती आण्णा. मालक ठणठणीत हाय."

"तू बघितलायस?"

"इंजिन बघितलंय की."

"मालक बघितलायस काय इचारतोय मी."

बाळूनं पाना खाली ठेवला आणि तंबाखू मळायला घेतली.

इंजिन सुरू झालं ते छान, बिनआवाजाचं. पण टेंबलाईच्या चढाला गाडी धापा टाकायला लागली. अण्णा मला म्हणाले, "हितं ही गत, तर घाटात? राणी आशी आवघडलेली, फुडं वळण, मागं ट्रक, आन् गाडी मागं मागं सरकाय लागली म्हंजे?" हे चित्र त्यांनी इतकं मन लावून रंगवलं, की दारात सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या त्या गाडीच्या चाकाला मी जाऊन दगड लावून आलो.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजवर. सिलिंडरमध्ये पिस्टन हवा किती जोरानं दाबतो, ते बघायचं होतं. बाळूनं प्लग काढले, एका भोकात मीटर बसवलं आणि उघड्या बॉनेटआडून ओरडला, "आण्णा, ॲक्सिलरेटर पार तळाला दाबा आन् किल्ली मारा."

अण्णांनी किल्ली मारली. काटा थोडा उठला आणि दमला.

"किती हाय?" आतून आवाज आला.

"कमी हाय."

"म्हंजे किती वाईट?"

चारी सिलिंडर तसेच. बाळूनं आत चमचाभर ऑइल सोडून पाहिलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर काटा चांगला चढला असता. नाही चढला. टायमिंगच्या खुणा तपासल्या, त्याही बरोबर. मग बाळू फडक्याला हात पुसायला लागला. काम अर्धवट असताना मिस्त्री हात पुसायला लागला, की डॉक्टरनं चष्मा काढून ठेवल्यासारखं वाटतं.

"खोलाय लागंल पुन्ना," बाळू शेवटी म्हणाला. "म्हैना तरी जाईल. तुमी जावयाला सांगा की आणाय."

अण्णांनी खिशातून फोन काढला. त्याच्याकडं नुसते बघत राहिले. मग परत खिशात ठेवला आणि रुमालानं स्टेअरिंग पुसायला लागले. ते स्वच्छच होतं.

तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन शालनवहिनी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, रिक्षातून उतरल्या. सगळी हकीकत ऐकून घेतली. खिडकीतून आत वाकल्या.

"मिस्त्री, एकडाव किल्ली मारायला सांगा ह्यास्नी. आन् मीटर सोडा, ह्येंच्या पायाकडं बघा."

बघितलं. तापल्या तव्यावर ठेवावा तसा अण्णांचा पाय ॲक्सिलरेटरवर होता.

"दाबलाय की," अण्णा म्हणाले.

"ह्याला दाबलाय म्हंत्यात? खाली मुंगी आसती तर जित्ती बाहीर आली आसती."

बाळूनं कपाळाला हात लावला. ॲक्सिलरेटर दाबल्याशिवाय इंजिनाला पुरेशी हवाच मिळत नाही, मग ते दाबणार काय? इंजिनाला दम होता. अण्णांनी त्याला श्वासच घेऊ दिला नव्हता, टेंबलाईच्या चढावरही आणि इथंही.

"आता पार तळाला, आण्णा. गाडी जागची हलत न्हाई."

"न्यूट्रल हाय नव्हं?"

"हाय."

"हँडब्रेक?"

"वढलाय."

"प्लग?"

"माज्या हातात हायत."

अण्णांनी डोळे गच्च मिटले. ओठ हलले, बहुतेक अंबाबाईचं नाव असावं. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, तळाला टेकला. उजव्या हातानं किल्ली फिरवली. इंजिन घुमलं आणि काटा चढत चढत बाळूला पाहिजे होता तिथं जाऊन बसला.

"आलं," बाळू म्हणाला. "आण्णा, घाट काय, हिमालय चढंल."

पण काट्याकडं तो एकटाच बघत होता. मी आणि वहिनी खिडकीशी होतो. अण्णांचे डोळे अजून मिटलेलेच होते, आणि त्यांचा डावा हात शेजारच्या रिकाम्या सीटसमोर आडवा गेला होता. पंजा उघडा, बोटं ताणलेली. कुणी पुढं आपटू नये म्हणून धरावा तसा. इंजिन थांबलं तरी हात तिथंच होता.

वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "आवो, राणी आजून बसली न्हाई तितं."