बोलणं कळतं का ते सांग

कुणाच्याही घरात शिरताना आहिरे काका आधी टाळी वाजवतात. उंबऱ्याच्या आत एक पाऊल, दोन्ही तळहात छातीसमोर, आणि फाट्‌दिशी एकच टाळी. मग मान तिरकी करून ते थांबतात. आवाज भिंतींवर आपटून परत कसा येतो ते ऐकतात आणि निकाल देतात. "घुमतंय." किंवा, "पडदे जाड आहेत, आवाज खाताहेत." त्यानंतरच 'कसं काय' वगैरे.

आमच्या इमारतीतल्या पवार वहिनींचे सासरे गेले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या हॉलमध्ये माना खाली घालून बसलो होतो. काका दारात आले. मी मनात म्हटलं, आज नाही वाजवणार. फाट्! सगळ्यांच्या माना वर. काका म्हणाले, "सोफा बाहेर काढला का? फार घुमतंय." मग भिंतीला टेकून बसले आणि आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त रडले. ते रडणंही घुमलं.

या टाळ्यांचं कारण एक रिसीव्हर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिसीव्हर म्हणजे होम थिएटरचं डोकं. टीव्हीचा आवाज त्यात जातो, तो आवाज वाढवतो आणि खोलीत मांडलेल्या स्पीकरांना वाटून देतो. आहिरे काकांना असा रिसीव्हर घ्यायचा होता. 'होता' म्हणतो कारण त्या घेण्यात माझे कित्येक रविवार गेले आणि माणसाच्या सुधारण्यावरचा माझा विश्वासही गेला.

मी यात अडकलो तो माझ्या दारावरच्या पाटीमुळे. पाटीवर नावापुढे 'बी.एस्सी. (भौतिकशास्त्र)' लिहिलंय. लोक हसतात. हसू देत. माझे वडील देवळ्याच्या कांदा मार्केटात गोण्या उचलायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं नाही. ती डिग्री मी दारावर लावली, लोकांना दिसावी म्हणूनच लावली. आहिरे काकांना ती दिसली.

"भौतिकशास्त्रात आवाज येतो का?" एका सकाळी त्यांनी दारात उभं राहून विचारलं. टाळी वाजवून झाली होती.

"येतो की. ध्वनी नावाचा धडाच असतो."

"मग चल. नोंद घ्यावी, आपण रिसीव्हर घ्यायला चाललोय."

त्या दिवसापासून माझं नाव 'फिजिक्स' पडलं. "ए फिजिक्स!" अशी हाक खालून आली की बायको म्हणायची, "जा, तुमचा क्लास भरला."

'नोंद घ्यावी' हे त्यांच्या नोकरीतून आलेलं. काकांनी उमेदीची सगळी वर्षं बसस्टँडवर गाड्या पुकारण्यात घालवली. "प्रवाशांनी नोंद घ्यावी, देवळा, सटाणामार्गे ताहाराबादला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे." निवृत्त झाले पण पुकारणं सुटलं नाही. पाण्याची मोटर बंद असली की जिन्यात उभं राहून "सभासदांनी नोंद घ्यावी." घरातून निघताना बायकोला "नोंद घ्यावी, मी मेथी आणायला चाललो." जन्मभर भोंग्याखाली बसल्यानं त्यांना स्वतःला कमी ऐकू यायला लागलं होतं. ते मात्र त्यांनी कधी कबूल केलं नाही. "लोक हल्ली पुटपुटतात," एवढंच म्हणायचे.

त्यांच्या बायकोला, कमलकाकूंना, कंपवात झालेला. हॉलमध्ये खिडकीशी त्यांची कॉट. हात थरथरायचे, चेहरा हलायचा नाही, पण ओठ सारखे हलत असायचे. काकू अखंड नामस्मरण करतात असं सगळी इमारत मानायची. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तर येताजाता उघड्या दारातून त्यांना नमस्कार करून जायच्या.

"हिच्यासाठीच घ्यायचंय," काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "दिवसभर इथंच पडून असते. घरात नीट आवाज पाहिजे. आणि लवकर पाहिजे. डॉक्टर म्हणतो, गाडी उताराला लागलीय. पुढचं स्टँड कधी येईल सांगता येत नाही."

आता मी शिकलेला माणूस. मी म्हटलं, पद्धतशीर करू. खोली केवढी? हॉल लहान. म्हणजे पाच स्पीकर आणि एक दणदणाटाचा डबा, एवढं चालवणारा रिसीव्हर पुरे, सात-नऊवाला घेऊ नये. वॅटच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये, लहान खोलीत ते वाया जातात. टीव्हीच्या तारा किती लागणार तेवढी भोकं मागे आहेत का बघावं. आणि माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरातून येतं, तेव्हा त्याचा आवाज वेगळा वाढवता येतो का हे विचारावं. बजेट किती ते आधी ठरवावं, दुकानात गेल्यावर नाही.

"बजेट किती काका?"

"लागेल तेवढं. पण जास्त नको."

इथंच मी घरी परतायला हवं होतं.

एम. जी. रोडच्या एका दुकानात हितेशभाई नावाचा विक्रेता होता. गोड माणूस. पहिल्या भेटीत त्यानं काकांना मधल्या खुर्चीत बसवलं, पडदे ओढले आणि कसला तरी पाऊस लावला. छतातून थेंब पडल्यासारखा आवाज. मी खरंच वर बघितलं.

"कसं वाटलं काका? छतावरून पाऊस!"

"पाऊस बघायला इगतपुरीला जाईन. बोलणं कळतं का ते सांग."

हितेशभाईनं स्फोट लावला. काचा थरथरल्या. काका म्हणाले, "हे दिवाळीत फुकट मिळतं. बोलणं?"

त्यानं बातम्या लावल्या. निवेदिका खणखणीत बोलत होती. मला वाटलं, सुटलो. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "ही बाई मुळातच मोठ्यानं बोलते. हिला कशाला रिसीव्हर पाहिजे? हळू बोलणारं माणूस लाव."

दुकानात हळू बोलणारं माणूस सापडेना. शेवटी हितेशभाई स्वतःच हळू बोलायला लागला, पण ते वैतागानं.

असं चाललं. कॅनडा कॉर्नर झालं, कॉलेज रोड झालं, सिडकोतलं जुन्या मालाचं दुकान झालं. प्रत्येक ठिकाणी आधी टाळी, मग तेच दोन प्रश्न. "बोलणं कळतं का?" आणि, "माईक लागतो का?" माईक कशाला, मी विचारायचो. ते म्हणायचे, "माईकशिवाय आवाजाचं यंत्र म्हणजे ड्रायव्हरशिवाय गाडी." मला वाटलं, जुनी खोड. पुकारायला हात शिवशिवत असतील. मी मनोमन आमच्या इमारतीची कीव केली.

मी तक्ते करून दिले. समजावलं. चिडलो. एकदा भर दुकानात म्हणालो, "काका, तुम्हाला रिसीव्हर घ्यायचाय की दुकानं तपासायचीत?" त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकू आलं नाही. त्यांच्या बाबतीत हे दोन्ही सारखंच. रविवारी सकाळी खालून हाक आली की मी बाथरूममध्ये शिरून नळ सोडायचो. वाटायचं, हा माणूस कधी घेणार नाही, मी कधी सुटणार नाही, आणि काकू भिंतीकडं बघतच जातील.

आणि एका रविवारी हितेशभाईनं नवीन खोका फोडला. आतून रिसीव्हर निघाला, तारा निघाल्या, आणि प्लास्टिकच्या पिशवीत लांब वायरीचा छोटा काळा माईक. सुपारीएवढा.

काका खुर्चीतून उठले. "हा बरोबर येतो?"

"येतो ना काका. खोक्यातच असतो. हा खोली ओळखतो. माणूस जिथं बसतो तिथं ठेवायचा, बाकी सगळं मशीन आपोआप करतं."

"हातात धरावा लागत नाही?"

"अजिबात नाही."

काकांनी माझ्याकडं वळून बघितलं. इतक्या दिवसांत तो चेहरा मी पाहिला नव्हता. "हाईच शे," ते म्हणाले. म्हणजे हेच ते. सटाण्याकडची बोली त्यांच्या तोंडून फक्त फार रागात किंवा फार आनंदात निघायची. वॅट किती, भोकं किती, काहीही विचारलं नाही. बजेट तर नाहीच. मी काही बोलायच्या आत खोका रिक्षात होता.

जोडणी दुपारपर्यंत चालली. पाचही स्पीकर मीच लावले, तारा मीच ओढल्या. दाराआड एक जुना भजनी मंडळाचा माईक आणि डबडा स्पीकर पडलेला दिसला. "हा कशाला?" विचारलं. "तिला धरवत नाही हातात," काका म्हणाले. "आणि जवळ नेला की किंचाळतो." माझं लक्ष तारांत.

काकांनी तो सुपारीएवढा माईक कॉटशेजारच्या स्टुलावर, पालथ्या पेल्यावर ठेवला. काकूंच्या तोंडाच्या अगदी जवळ. दोनदा सरकवून बघितला. मग स्वतः मात्र लांब जाऊन, समोरच्या भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसले. काकूंच्या कॉटवर ते कधीच बसत नसत. चारचौघांत बायकोच्या खाटेला टेकायचं नाही, ही त्यांच्या पिढीची रीत, आणि घरात कुणी नसलं तरी चौघं असल्यासारखेच ते वागायचे.

मी बटण दाबलं. टीव्हीवर इंग्रजीत पाटी आली. मी वाचली. शांतता राखा, असं लिहिलं होतं.

डाव्या स्पीकरातून 'फुर्रर्र' असा आवाज निघाला. मग मधल्यातून. मग उजव्यातून.

"हां कमल," काका म्हणाले. "बोल आता."

काकूंचे ओठ हलू लागले.

काका मान तिरकी करून मधल्या स्पीकरकडं बघत होते. स्टँडवर प्रवासी भोंग्याकडं बघतात तसे. बोलणाऱ्याकडं बघतच नव्हते. ओठ हलत होते, स्पीकर 'फुर्रर्र' करत होते, आणि मी हातात पुस्तिका घेऊन उभा होतो. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते नामस्मरण नव्हतं. काकू बोलत होत्या. इमारत नमस्कार करत होती तेव्हाही त्या बोलतच होत्या. त्यांचा आवाज आत आत गेला होता, आणि या माणसाला तो बाहेर काढायचा होता. टीव्ही, पाऊस, स्फोट, यातलं काहीच त्याला नको होतं.

"थोडं मोठ्यानं, कमल. गाडी लांबची असल्यासारखं."

मी पुस्तिकेचं ते पान परत वाचलं. मग सांगावंच लागलं. "काका, हा माईक बोलायचा नाही. मोजायचा आहे. स्पीकर किती लांब आहेत ते मशीन त्यातून मोजतं. एकदा मोजलं की तो काढून ठेवायचा."

"बरं. मग बोलायचा कुठं लावायचा?"

"बोलायचा नाही यात."

"मागं भोकं आहेत ना इतकी?"

"त्यातलं एकही नाही काका."

"पुस्तक नीट वाच," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यानंच मला कसंतरी झालं. "तू बी.एस्सी. आहेस."

मी नीट वाचलं. पहिल्या पानापासून वाचलं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. पुस्तिकेत खोलीबद्दल होतं, भिंतींबद्दल होतं, ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीबद्दल होतं. कुणी हळू बोलत असेल तर काय करावं, हे कुठंच नव्हतं. मी मान हलवली.

'फुर्रर्र' चालूच होतं. डावा, मधला, उजवा, पुन्हा डावा. काकूंचे ओठही थांबले नव्हते. मग काका उठले. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा उघड्या दाराकडं. आणि कॉटच्या कडेवर, अगदी काठाला, परक्याच्या घरी बसावं तसे बसले. खाली वाकले. स्वतःचा कान काकूंच्या ओठांना लावला.

थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली.

"ती म्हणते," स्टँडवरच्या आवाजात त्यांनी मला सांगितलं, "आवाज कमी करा."

मी मशीन बंद केलं. खोलीत एकदम शांत झालं. काका उठतील म्हणून मी थांबलो. ते उठले नाहीत. पुन्हा वाकले. मग मीच हळूच बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

जिना चढून वर जाताना त्यांचा आवाज यायला लागला. ऐकू आलेलं वाक्य मोठ्यानं परत म्हणून खात्री करून घ्यायची, ही त्यांची कामावरची सवय. "पाणी नको. बरं." मग थोडं थांबून, "पाठ दुखते. कधीपासून? बरं, बरं." सगळ्या जिन्यात ऐकू येत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मेथीत माती राहते. नीट धूत जा. हो. नोंद घेतली." मग, "घरात येताना टाळी नको. दचकायला होतं. हो. नाही वाजवणार."

त्यानंतर काकू आणखी काहीतरी बोलल्या असाव्यात. आम्ही दोघंही कान देऊन उभे होतो. पण ते वाक्य काकांनी पुकारलं नाही.