बायकोच्या मनगटावरची खोली

बायकोसाठी पाण्याची खोली मोजायचं एक जादा यंत्र घ्यावं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात कोणाला अद्दल घडवायचा हेतू नव्हता. (होता. पण थोडाच.)

माझी बायको जीपार शाळेत इतिहास शिकवते आणि रविवारी पाठीवर हवेची टाकी बांधून आमच्या किर्गिझस्तानातल्या इस्सिक-कुल सरोवराच्या तळाशी जुनी मडकी शोधते. माझी त्याला हरकत नाही. मडक्यांवर मी कधी जळलो नाही. पण तिच्याबरोबर एर्निस उतरतो. हा राजधानीतून, बिश्केकहून येतो, खांद्यांत रुंद आहे, आणि त्याच्या मनगटावर किटलीच्या झाकणाएवढा पाणबुड्यांचा कॉम्प्युटर असतो. तो तिला ताई म्हणतो. (मीही लग्नाआधी वर्षभर तिला ताईच म्हणत होतो.)

परवा चहा ओतता ओतता ती म्हणाली, "एर्निस म्हणतो, खोली मोजायला दुसरं काहीतरी जवळ हवंच. पाण्यात कॉम्प्युटर बंद पडला तर किती खाली आहोत ते कळणार कसं? त्याच्याकडचं जुनं तो मला देतोय. मनगटावर बांधून बघू म्हणाला."

"कोण बांधणार?"

"अहो, पट्टा एका हाताने बांधता येतो का?"

"मग माझे हात काय भाड्याने दिलेत?" असं म्हणून मी शनिवारी बिश्केकची गाडी पकडली.

मी वस्तू घाईने घेत नाही. दुकानदाराने आधी दुसरा कॉम्प्युटर दाखवला. किंमत ऐकून मी तो दोन्ही हातांनी परत ठेवला. मग काट्याचं यंत्र निघालं, तेल भरलेलं, मुठीएवढं. "हे आपटलं तर?" "बिघडेल." "आणि न आपटता?" "तेव्हाही कधीकधी बिघडतं." शेवटी त्याने खणाच्या कोपऱ्यातून एक चपटी तबकडी काढली. तिच्या कडेने एक बारीक पारदर्शक नळी फिरवलेली, एक तोंड बंद, एक उघडं. खाली जावं तसं पाणी नळीत शिरतं आणि आतल्या हवेला दाबतं. पाणी जिथवर पोचलं तिथला आकडा वाचायचा. ना बॅटरी, ना काटा. खिशात मावणारी आणि सगळ्यांत स्वस्त.

"ह्यात बिघडतं काय?"

"बिघडायला आत काही आहे कुठे, दादा?"

रविवारी सरोवराकाठी, काजी-सायला सासूबाईंच्या अंगणात कढईत मेंढा शिजत होता, कारण आदल्या रविवारी जीपारला अख्खा रांजण सापडला होता. मेंढ्याचं डोकं मानाच्या पाहुण्यापुढे ठेवायचं आणि त्याने ते कापून सगळ्यांना वाटायचं, ही आमच्याकडची रीत. गेल्या वर्षी ते माझ्यापुढे आलं होतं. यंदा सासूबाईंनी एर्निसचं नाव घेतलं.

मी होडीत बसून नळी जीपारच्या मनगटावर इतकी घट्ट बांधली की तिची बोटं निळी पडली. (एर्निसने ती न विचारता सैल केली.) दोघं खाली गेले. पाण्यावर दोघांचे बुडबुडे येत होते, एकमेकांत मिसळून. मला ते आवडलं नाही.

वर येताच जीपार म्हणाली, "गंमत आहे. ह्याचा कॉम्प्युटर बारा मीटर सांगत होता, माझी नळी चौदा."

मी आनंदाने उभाच राहिलो. होडी उलटता उलटता वाचली.

"म्हणजे हा माणूस तुला दोन मीटर जास्त खाली नेतो आणि कमी सांगतो! आजपासून ह्याच्याबरोबर उतरणं बंद!"

"भावोजी, दोरीने मोजू या ना," एर्निस शांतपणे म्हणाला. हा माणूस चिडतसुद्धा नाही.

"आणि दोरी बारा म्हणाली तर?" जीपारने विचारलं.

"तर ह्याच्याबरोबर पाहिजे तेव्हा जा. मी तोंड उघडणार नाही."

"आईसमोर सांगा."

मी किनाऱ्याकडे तोंड करून ते ओरडून सांगितलं. सासूबाईंनी पळी हलवून ऐकल्याची खूण केली.

मी हवामान केंद्रात नोकरीला, तिथली मोजपट्टी माझ्याकडे असतेच. मी स्वतः दर मीटरला गाठ मारली, दोरीला दगड बांधला आणि ती सरळ पाण्यात सोडली. दोघं बाराव्या गाठीपर्यंत गेले. कॉम्प्युटर, बारा. नळी, चौदा.

"नळी बिघडलीय," मी म्हणालो.

"बिघडायला तिच्यात आहे काय?" जीपार म्हणाली. किनाऱ्याला लागेपर्यंत ती विचार करत होती, मग एकदम हसायला लागली. "अहो, ही आखलीय समुद्रासाठी! आपलं सरोवर डोंगरात. इथली हवा विरळ, म्हणून पाणी तिला लवकर दाबतं आणि आकडा जास्त येतो. कॉम्प्युटर आपण किती उंचावर आहोत ते ओळखून घेतो."

"त्यांना बिचाऱ्यांना हे कुठून कळणार?" सासूबाईंना माझी दया आली. "केंद्रात नेमकं काय करतात ग हे?"

"रोज सकाळी हवेचा दाब मोजतात, आई."

एर्निस हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "पण ताई, जोडीला अशीच नळी हवी. किती खोलीवर किती वेळ राहायचं ते सांगणारे आपले तक्ते समुद्राच्या हिशेबाने केलेले, त्यांना इथे हाच जास्तीचा आकडा लागतो. भावोजींची निवड एकदम बरोबर आहे. भावोजी, मलाही एक आणा की. ताईंचं आणि माझं सारखं होईल."

जेवणात डोकं एर्निसपुढे आलं. त्याने सफाईने कापलं, वाटलं. कान आमच्याकडे मुलांना देतात, मोठ्यांचं ऐकायला शिकावं म्हणून. सासूबाईंनी एक कान उचलून माझ्या ताटात ठेवला.

"घ्या, जावईबापू."

मी म्हणालो, "पण काट्याचं यंत्र घेतलं असतं तर..."

त्यांनी दुसराही वाढला.